परतीच्या शहरातली जुनी घरं : वाचकांचे प्रश्न

बालपणीच्या शहरात पुन्हा राहायला जाणाऱ्यांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरत होती : शेजारी, शाळेत किंवा थेट घरात आफ्रिकी वंशाची माणसं होती, मध्ये वर्षं गेली, आता तो धागा पुन्हा कसा जोडायचा? त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. सुरुवातीलाच एक सांगायला हवं. ‘आफ्रिकन समाज’ नावाची एकच एक गोष्ट कुठल्याही शहरात नसते. हैदराबादचा सिद्दी (सिद्दी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भारतात असलेला आफ्रिकी वंशाचा समाज), कर्नाटकातल्या हल्याळचा सिद्दी, पुण्यात शिकायला आलेला सुदानी आणि नैरोबीहून आलेला जावई यांची भाषा, धर्म, कागदपत्रं आणि अडचणी वेगवेगळ्या आहेत. आपण नेमकं कोणाला शोधतोय हे ठरलं की अर्धं काम होतं.

प्रश्न : आमचं कुटुंब मराठी, पण माझं सगळं बालपण हैदराबादला मासाब टँकजवळ गेलं. ए. सी. गार्ड्समधल्या एका सिद्दी घरात मी दिवसदिवस पडीक असे. बावीस वर्षांनी आता पुन्हा तिथेच राहायला जातेय. मैत्रिणीचं लग्नानंतरचं नाव माहीत नाही, जुना फोन बंद आहे. त्या घराचा शोध कसा घ्यावा?

उत्तर : नावावरून शोधायला जाऊ नका, तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. हैदराबादच्या सिद्दी कुटुंबांच्या नावात ‘सिद्दी’ हा शब्द असेलच असं नाही. इतर मुस्लिम घरांत असतात तीच नावं असतात, आणि एका गल्लीत त्याच नावाच्या चारजणी निघतात. मैत्रिणीपेक्षा तिच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव जास्त उपयोगी पडतं. आधी कागद घेऊन बसा आणि आठवेल ते सगळं लिहा : वडिलांचं नाव, ते काय काम करत, घराचा क्रमांक, जवळची मशीद, किराणा दुकान, पाण्याचा नळ, शाळेची वर्षं. घरात आई किंवा थोरला भाऊ असेल तर त्यांना स्वतंत्रपणे लिहायला सांगा आणि मग दोन्ही कागद ताडून पाहा.

नंतर मतदारयादी. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भागनिहाय याद्या उतरवून घेता येतात. आपल्या जुन्या पत्त्याचा मतदारसंघ आणि भाग क्रमांक काढा. या याद्या चित्ररूपात असतात, त्यामुळे संगणकावर नाव टाकून शोध लागत नाही. एका पानावर तीस नावं, एका भागात साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे चाळीसेक पानं डोळ्यांखालून घालावी लागतात. पाहायचा घर क्रमांक, आणि वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचा रकाना. मुलगी लग्न होऊन गेली असली तरी भाऊ किंवा वहिनी त्याच क्रमांकावर सापडण्याची शक्यता बरीच असते. शाळेकडूनही मदत होऊ शकते, पण शाळा दुसऱ्याचा पत्ता तुम्हाला देणार नाही आणि देऊही नये. बंद पाकिटात पत्र द्या, वर मैत्रिणीचं नाव आणि दहावीचं वर्ष लिहा, आणि शाळेकडे संपर्क असेल तर पाठवावं अशी विनंती करा.

तिसरी वाट मर्फ्याची, म्हणजे वरातीत वाजणाऱ्या ढोलांची. ए. सी. गार्ड्स हे नाव ‘आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स’वरून आलं. वनपर्तीच्या संस्थानिकांनी उभारलेलं आफ्रिकी घोडदळ पुढे निजामाकडे गेलं आणि त्याच्या वस्तीला हे नाव पडलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, फौज गेली, घरं राहिली. त्या घरांतली बरीच माणसं लग्नाच्या वरातीत मर्फा वाजवू लागली. ही वाद्यपरंपरा यमनी अरबांशी आणि आफ्रिकेशी, दोन्हींशी जोडलेली आहे. वाजवणाऱ्यांना वस्तीतलं प्रत्येक घर ठाऊक असतं. लग्नाच्या हंगामात वरात संपल्यावर त्यांना गाठा, सुरू होण्याआधी नको. कातडी वाद्य शेकून तापवायची त्यांची धांदल तेव्हाच चालू असते आणि कातडं थंड झालं की आवाज बसतो. त्या दहा मिनिटांत कोणीही तुमच्याशी नीट बोलणार नाही.

इथे आणखी एक गल्लत होते. बारकस भागातले चाऊस हे हद्रमौतहून, म्हणजे यमनमधून आलेल्या अरबांचे वंशज. सिद्दी वेगळे. दोन्ही समाज निजामाच्या फौजेत होते, दोन्हींकडे मर्फा आहे, आपसांत नातीही आहेत, तरी चाऊस घरात जाऊन ‘तुम्ही आफ्रिकेचे ना?’ असं विचारलं तर दोघांचाही मान जातो. ‘हबशी’ हा शब्दही आता टाळा. इतिहासाच्या पुस्तकात तो हबेश म्हणजे ॲबिसिनियावरून आलेला आहे, पण मराठीत आणि दक्खनीत आपण तो कसा फेकतो हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. मैत्रिणीला शाळेत रंगावरून एखादं लाडाचं नाव पडलं असेल तर ते तुमच्यासाठी लाडाचं होतं. तिच्यासाठी होतं का, हे तिने सांगेपर्यंत तिला खऱ्या नावानेच हाक मारा.

घर सापडलं तर पहिल्या भेटीला एकट्याने जा, असरच्या नमाजानंतर, शुक्रवार सोडून. अर्ध्या तासात उठा. जुन्या फोटोच्या दोन प्रती छापून न्या, एक त्यांच्याकडे ठेवायला. तिची आई असेल तर पूर्वीसारखं ‘खाला’च म्हणा. शोध घेताना मात्र तो फोटो फोनवरच्या गटांत फिरवू नका. त्यात तिचं लहानपण आहे, आणि ते चारशे अनोळखी लोकांपर्यंत पोचवायला तिने तुम्हाला सांगितलेलं नाही. घरची परिस्थिती ओढगस्तीची दिसली तरी पहिल्या भेटीत पैसे काढू नका. त्याने तुम्ही पाहुणी होता, मैत्रीण राहत नाही.

प्रश्न : माझं बालपण अहमदाबादला, खाडियात. आमच्याकडे कामाला असलेल्या सिद्दी बाई आम्हाला रतनपूरच्या उरुसाला नेत. आईचा नवस राहिलाय. आता आम्ही परतलो आहोत. कसं आणि केव्हा जावं?

उत्तर : बाबा गोरचा दर्गा रतनपूरला, भरूच जिल्ह्याच्या झगडिया तालुक्यात डोंगरावर आहे. भरूच किंवा अंकलेश्वरला गाडीतून उतरायचं आणि पुढे रस्त्याने जायचं. उरूस रजब महिन्यात असतो. हा महिना चांद्र, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. मागच्या वर्षीच्या तारखेवर तिकीट काढणारे हमखास चुकतात, म्हणून त्या वर्षीचा रजब कधी लागतो ते पाहूनच बेत करा. गर्दी नको असेल तर नवस फेडायला उरुसाचीच वाट पाहायची गरज नाही.

बाबा गोर, बाबा हबश आणि माई मिश्रा या भावंडांची ही ठिकाणं. हिंदू, पारशी, मुसलमान सगळे येतात, त्यामुळे तुम्ही मराठी हिंदू आहात याचं तिथे कोणाला नवल वाटणार नाही. अकीक खड्यांच्या जुन्या गुजराती व्यापारातही बाबा गोरचं नाव आदराने घेतलं जातं. आईला चढ झेपत नसेल तर वाहन कुठपर्यंत जातं हे आधी फोनवर विचारून घ्या.

धमालीबद्दल, म्हणजे सिद्दींच्या ढोलावरच्या गाण्या-नाचाबद्दल, एक गोष्ट लक्षात ठेवा. बसून गायची ‘बैठी धमाल’ ही इबादत आहे, आणि पाहुण्यांसमोर होणारी नाचाची धमाल वेगळी. तिला ‘गोमा’ही म्हणतात. बांटू भाषांत ढोल आणि नाच या दोन्हींना ‘न्गोमा’ म्हणतात, तोच हा शब्द. बैठकीत ‘मलुंगा’ दिसला तर जवळून पाहा : धनुष्यासारखा वाकवलेला दांडा, एकच तार, आणि मागे दुधीच्या जातीच्या फळाचं कवच. ते कवच वाजवणारा अंगाला लावतो, दूर करतो, आणि तेवढ्यानेच आवाज भरतो किंवा पातळ होतो. ब्राझीलमध्ये आफ्रिकी लोकांनी नेलेलं बेरिंबाव याच घराण्यातलं. मलुंगा वाजवणारे फार थोडे उरलेत. बैठकीत चित्रीकरण करायचं असेल तर खादिमाला, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्याला, विचारा, आणि ‘नको’ म्हणाले तर फोन खिशात ठेवा. धमालीचं पथक अहमदाबादला बोलवायचं झालं तर पथकाच्या म्होरक्याशी थेट ठरवा. प्रवास, जेवण आणि मुक्काम मानधनाबाहेर धरा, आणि निम्मी रक्कम आधी द्या. मधला माणूस आला की कलाकाराच्या हातात काय उरतं हे कोणालाच कळत नाही.

प्रश्न : आम्ही सिद्दी. माझं माहेर दांडेली, सासर हल्याळ. घरी कोकणी-मराठी मिसळून बोलतो. अठरा वर्षं पुण्यात काढली, आता मुलांना घेऊन परत चाललोय. दोन प्रश्न आहेत. मुलांचा जमातीचा दाखला कुठून काढायचा? दुसरं, मावशी म्हणते ‘येतेस तर कवंदी शिवायला बस’ (कवंदी म्हणजे आमच्याकडची ठिगळांची गोधडी), आणि मी सगळं विसरलेय.

उत्तर : दाखल्याचं आधी, कारण त्यात वेळ जातो आणि चूक झाली तर मुलांचं वर्ष जातं.

अनुसूचित जमातींची यादी राज्यवार असते, आणि सिद्दींच्या बाबतीत तर जिल्हावारही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचा समावेश २००३ साली झाला, पुढे बेळगाव आणि धारवाडचेही आले. गुजरातेत सौराष्ट्रातल्या जिल्ह्यांपुरता आहे. महाराष्ट्राच्या यादीत सिद्दी नाहीत. म्हणून पुण्याच्या कचेरीत खेटे घालून मुलांना महाराष्ट्राच्या राखीव जागा मिळणार नाहीत. इथल्या कारकुनाला दोष देऊन उपयोग नाही, कायदाच तसा आहे. स्थलांतर केलेल्याची जमात मूळ राज्याशी बांधलेली असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केलं. केंद्र सरकारच्या संस्था आणि नोकऱ्यांसाठी मात्र तुमचा कर्नाटकाचा दाखला देशभर चालतो.

मुलांचा दाखला वडिलांच्या मूळ रहिवासावरून निघतो. म्हणजे तुमच्या बाबतीत दांडेली नाही, हल्याळ. अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, द्यायचा, दाखला तहसीलदार देतात. वडिलांचा स्वतःचा दाखला, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावरची नोंद, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले एका पिशवीत ठेवा. घोळ होतो तो शाळेच्या नोंदीत. सिद्दी हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि जुन्या गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसता धर्म लिहून ठेवलेला असतो. अर्ज अडतो तो तिथे. अशा वेळी आजोबांच्या किंवा चुलत्यांच्या शाळेची नोंद शोधा. एका जरी घरात ‘सिद्दी’ लिहिलेलं सापडलं, तर नातं दाखवणारी कागदपत्रं जोडून तो पुरावा धरता येतो. आणि हे ठणकावून सांगा : अनुसूचित जातीला धर्माची अट आहे, जमातीला नाही. ‘तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला कसा मिळेल’ असं कोणी म्हणालं तर तो नियम नाही. नकार मिळाला तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. अपील लेखी नकारावरच करता येतं.

मुलं किती मोठी आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण याचा विचार आत्ताच करा. कर्नाटकातल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी पहिली ते बारावीपैकी सात वर्षं राज्यात शिकलेली असावीत हा मुख्य नियम आहे. आई-वडिलांच्या तिथल्या शिक्षणावर आधारलेली वेगळी कलमंही आहेत, आणि तुम्ही स्वतः दांडेलीत शिकलात, म्हणून तुमचे शाळेचे दाखले फेकू नका. मुलगा सहावीत असेल तर यंदा जाणं आणि दोन वर्षांनी जाणं यात मोठा फरक पडतो.

आता कवंदी. तुम्ही विसरला असाल, हात विसरलेले नसतील. खाली जुनं लुगडं चौपदरी घालायचं आणि चारही बाजूंनी ताणून सुरकुती काढायची. ठिगळं एका कोपऱ्यापासून लावत जायची, कडेकडेने, आणि फेरा आत आत घेत मध्यापर्यंत यायचं. आपल्याकडच्या काही गोधड्यांसारखं आधी वरचा थर जुळवून मग एकदम दोरे घालत नाहीत. कवंदीत ठिगळ ठेवणं आणि टाका घालणं बरोबरच चालतं. ठिगळाची कड आत दुमडायची आणि धावदोरा सगळ्या थरांतून न्यायचा. टाका अर्ध्या सेंटिमीटरचा, दोन ओळींत बोटाच्या पेराएवढं अंतर. पुण्याहून नेलेला नवा कपडा घालायचा असेल तर आधी दोनदा धुवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि शेजारच्या जुन्या सुती ठिगळाला फुगवटा येतो. गुळगुळीत पॉलिस्टर साडी खालच्या थरात नको, ती सरकते आणि मध्यावर पोचेपर्यंत सगळं तिरकं होतं. बोटात अंगुस्तान घाला. चार-पाच थरांतून सुई ढकलताना पहिल्याच दिवशी बोट सोलवटतं.

शेवटी चारही कोपऱ्यांना ‘फुलां’ लावायची, चौकोनी तुकड्यांच्या घड्या घालून एकावर एक बसवलेली त्रिकोणी फुलं. फुलां नसलेली कवंदी उघडी, अपुरी मानतात. मावशी ज्या कामाला बोलावते आहे त्यात शिवण थोडीच आहे. शिवता शिवता कोणाला कुठे दिलं, कोण गेलं, कोणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं तुम्हाला त्याच सतरंजीवर कळेल. दाखल्यासाठी चुलत्यांच्या शाळेची नोंद कोणाकडे आहे हेसुद्धा.

प्रश्न : मी पुण्यात वाढले. पंधरा वर्षं नैरोबीत नोकरी केली, नवरा केनियाचा, मुलगी सहा वर्षांची, तिचा पासपोर्ट केनियाचा. आता कायमचे पुण्याला येतोय. कागदपत्रं आणि घर, दोन्हींची धास्ती आहे. शिवाय नवऱ्याला इथे आपली माणसं मिळतील का?

उत्तर : निघण्याआधी तिकडे करायच्या गोष्टी इथे आल्यावर दसपट अवघड होतात, म्हणून आधी त्या. लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला केनियाच्या परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित करून घ्या आणि मग नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करा. नवऱ्याचा पोलिसांचा चारित्र्यदाखला तिथूनच काढा. तिघांनीही पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायला हवी. प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच लागू होतं, त्यानंतर ते जन्मभर चालतं. केनियातून येताना ते नसेल, किंवा नवव्या दिवशी विमानतळावर उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. या लशीच्या प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक सामानाच्या पेटीत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

मुलीसाठी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवून भारतात राहू देणारं कार्ड. तुम्ही भारतीय नागरिक असल्यामुळे ती पात्र आहे, अर्जावर दोघांची संमती लागते. केनियाचा पासपोर्ट ठेवून भारतीय पासपोर्ट काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, दोन्ही चालत नाहीत. नवऱ्यालाही ओसीआय मिळू शकतं, पण लग्न नोंदवलेलं असावं आणि अर्जाच्या आधी निदान दोन वर्षं ते टिकलेलं असावं. तोपर्यंत भारतीय नागरिकाचा जोडीदार म्हणून एन्ट्री व्हिसा. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांच्या आत ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कचेरीच्या, संकेतस्थळावर नोंदणी करायची. चौदावा दिवस सुट्टीचा आला म्हणून मुदत वाढते असं धरून चालू नका, पहिल्या आठवड्यातच करा. परदेशी माणूस ज्या घरात उतरला त्या घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. सगळे त्याला अजून ‘फॉर्म सी’च म्हणतात. सुरुवातीला आईवडिलांकडे राहणार असाल तर हे त्यांना करावं लागेल, आणि घरच्यांच्या बाबतीतच ते सर्रास राहून जातं.

घर. भाडेकरार नोंदणीकृत हवा, आणि त्यात दोघांचीही नावं हवीत. बहुतेक जोडपी इथेच चुकतात : वाद टळावा म्हणून करार फक्त मराठी नावाने करतात, आणि मग नवऱ्याच्या नोंदणीसाठी राहत्या जागेचा पुरावाच उरत नाही. दलालाला पहिल्याच फोनवर सांगा की नवरा केनियाचा आहे. बऱ्याच ठिकाणी ‘सोसायटी देत नाही’ ऐकू येईल तेव्हा जिवाला लागेल, पण करार झाल्यावर तेच ऐकण्यापेक्षा हे बरं. घरमालकाला दोघांनी मिळून भेटा, आणि पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, नोकरीचं पत्र यांच्या प्रती लावलेली एक फाइल त्यांच्या हातात द्या. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली की त्याची पावतीही त्याच फाइलमध्ये. घर बदललं की नवा पत्ता ई-एफआरआरओला कळवायचा, हे विसरू नका.

आपली माणसं मिळतील का, तर मिळतील. पुण्यात केनिया, टांझानिया, सुदान, इथिओपिया, नायजेरियाची मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतात. पण ती विशीतली आहेत आणि तुमचा नवरा चाळिशीचा असेल तर त्याची भूमिका थोरल्या भावाची होईल. ती त्याने स्वीकारली तर दारं लवकर उघडतील. दोन ठिकाणी ओळख पक्की होते. एक ‘चामा’, म्हणजे आपली भिशीच. ठरावीक जण, ठरावीक रक्कम, दर महिन्याला एकाची पाळी. भिशीचा नियम तिथेही लागू : पहिले काही महिने पाळी मागायची नाही, पैसे मात्र तारखेच्या आधी द्यायचे. दुसरं, घरी कोणी वारल्याची बातमी येते तेव्हा. मृतदेह गावी पाठवायला, तिकिटाला लगेच वर्गणी निघते. रक्कम थोडी असली तरी त्याच दिवशी द्या आणि शक्य तर प्रत्यक्ष जाऊन बसा. आपल्याकडे समाचाराला जायला उशीर झालेला लोक जसा लक्षात ठेवतात, तसाच तिथेही ठेवतात.

प्रश्न : निवृत्त होऊन पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत परत आलो आहोत. वरच्या मजल्यावर इथिओपियाची दोन आणि सुदानचा एक असे विद्यार्थी राहतात. दिवाळीत फराळाला बोलवायचं आहे. काय सांभाळावं?

उत्तर : बोलवाच, आणि वार पाहून बोलवा. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींचा बुधवार-शुक्रवार उपास असतो, आणि तो आपल्या उपासाहून कडक. मांस, अंडी तर नाहीतच, दूध, दही, लोणी, तूपही नाही. साबुदाण्याची खिचडी तुपातली असेल तर ती त्यांना चालत नाही. फराळाचं तसंच : बेसनाचे लाडू, शंकरपाळी, करंजी बाद. पोह्यांचा चिवडा आणि तेलातले शेव चालतील. चकलीचं मोहन लोण्याऐवजी कडकडीत तेलाचं घाला, फक्त तेल जरा जास्त झालं की चकली तळताना विरघळते, म्हणून चार वाट्या भाजणीला अर्धी वाटी पुरे. सगळ्यात सोपं म्हणजे मंगळवारी किंवा गुरुवारी बोलवणं. दोघं ऑर्थोडॉक्स आहेत की मुसलमान की प्रोटेस्टंट, हे मात्र आधी विचारा, इथिओपियात तिन्ही मोठ्या संख्येने आहेत. सुदानचा मुलगा बहुधा मुसलमान असेल, त्याला शाकाहारी जेवणाची काही अडचण नाही. शेंगदाण्याची चटणी मात्र ठेवा : सुदानमध्ये शेंगदाण्याचं वाटण, मिरची आणि लिंबाचं ‘दक्वा’ घरोघरी होतं, त्याला ती ओळखीची वाटेल.

वेळ सांगताना घोटाळा होतो. इथिओपियात दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणून आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. स्वाहिलीतही तसंच आहे. इथे राहून मुलं सरावलेली असतात, तरी ‘संध्याकाळी सात, अंधार पडल्यावर’ असं सांगा. इथिओपियन मुलाने घास करून तुमच्या तोंडाशी धरला तर मागे सरू नका. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात आणि तो मान असतो.

प्रश्न : नाशिकच्या शरणपूर भागात वाढलो. तिथे सोडवून आणलेल्या आफ्रिकी मुलांचा आश्रम होता असं ऐकलं होतं. परतल्यावर त्यांच्या वंशजांचा शोध घ्यायचा आहे, पण कोणालाच काही माहीत नाही.

उत्तर : तुम्ही चुकीच्या किनाऱ्यावर शोधताय. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या आश्रमात वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, हे खरं. पण त्यांच्यातली बहुतेक माणसं पुढे पूर्व आफ्रिकेला परतली. १८७५ मध्ये मोंबासाजवळ ‘फ्रिअर टाउन’ वसवलं तेव्हा तिथल्या पहिल्या पिढीत ही मंडळी होती, आणि तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. वंशज शोधायचे तर मोंबासाला. मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनचा मृतदेह १८७३-७४ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, तो याच नाशिकच्या शाळेत शिकलेला.

नाशिकमध्ये करता येण्यासारखं काम आहे ते चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्यांचं. धर्मगुरूंकडे लेखी अर्ज करा, वर्षांचा टप्पा नेमका लिहा, १८५५ ते १८७५ असा. वही हाताळायला मिळाली तर पेन नको, पेन्सिल न्या, आणि परवानगी असेल तरच फोटो घ्या. नावं शोधताना आडनावाच्या मागे लागू नका. मुलांना बाप्तिस्म्यात नवी इंग्रजी नावं दिली जात, त्यामुळे जन्मस्थानाचा आणि पालकांचा रकाना बघा. तो कोरा असेल किंवा तिथे आफ्रिकेचा उल्लेख असेल, तर ती ओळ पूर्ण उतरवून घ्या. मिशनचा पत्रव्यवहार इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तिथे विचारणा करताना ‘Nashik’ नका लिहू, ‘Nasik’ किंवा ‘Nassick’ लिहा. त्या काळच्या इंग्रजी कागदांत तीच स्पेलिंगं आहेत, आणि आजच्या स्पेलिंगने शोधलं तर कागद असूनही हाती लागत नाही.